सहाव्या दिवसाचा ताप : गोचिडीपासून होणाऱ्या रिकेट्सिया आजाराचे विदर्भातील एक प्रकरण

हे प्रकरण कुणा एका रुग्णाचे नाही. ग्रामीण विदर्भात गोचिडीतून येणाऱ्या रिकेट्सिया या जिवाणूंमुळे 'ठिपक्यांचा ताप' झालेला रुग्ण कोणत्या वाटेने येतो, कुठे अडकतो आणि नोंदीतून कसा गळतो हे दाखवण्यासाठी ते रचले आहे. रुग्णाचे आकडे नमुन्यादाखल आहेत. औषधांच्या मात्रा आणि चाचण्यांच्या मर्यादा मात्र प्रत्यक्ष वापरातल्या आहेत.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा, वर्धा जिल्ह्यातले एक गाव, सोयाबीनची सोंगणी ऐन भरात. ३८ वर्षांची शेतमजूर महिला, वजन ४६ किलो. घरी बैलजोडी, दोन शेळ्या आणि ओसरीत खाटेखाली झोपणारा एक कुत्रा. सोंगणी सुरू झाल्यापासून रोज धुऱ्यावरच्या गवतातून आणि पांदणीतून येणे-जाणे.

पहिले पाच दिवस

पहिल्या दिवशी थंडी वाजून ताप आला. डोके असे दुखले की उजेड नको वाटावा. "डोकं लय ठणकते, पोटऱ्या भरून येतात," एवढीच तक्रार. दुसऱ्या दिवशी जवळच्या दवाखान्यात सलाईन, कमरेत एक इंजेक्शन, पॅरासिटामॉल आणि सेफिक्झिमच्या गोळ्या मिळाल्या. चौथ्या दिवशी रक्त तपासले. मलेरिया नाही, डेंग्यूची एनएस-१ निगेटिव्ह, प्लेटलेट ९२,०००, टायफॉइडची विडाल चाचणी १:८०. टायफॉइड आणि 'डेंग्यूसारखा ताप' अशी दोन्ही नावे कागदावर आली. त्याच संध्याकाळी मनगटांवर बारीक पुरळ दिसले. ते गोळीची रिॲक्शन समजले गेले आणि सेफिक्झिम बदलून दुसरी गोळी दिली गेली.

यातली प्रत्येक पायरी सुटी पाहिली तर समजण्यासारखी आहे. ऑक्टोबरात डेंग्यू असतोच, प्लेटलेट दोन्ही आजारांत उतरतात, आणि पुरळ औषधानेही येते. पण एकाच वेळी केलेली १:८० विडाल आपल्याकडे जवळपास काहीच सांगत नाही. टायफॉइडच्या पट्ट्यात राहणाऱ्या कित्येक निरोगी प्रौढांच्या रक्तात एवढी प्रतिद्रव्ये सापडतात. टायफॉइडचा खरा पुरावा म्हणजे रक्ताचे कल्चर, आणि ते अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घ्यायला हवे. कागदावर 'टायफॉइड' लिहिले गेले की पुढचा प्रत्येक जण त्याच चष्म्यातून रुग्णाकडे पाहतो. आमच्या मते या आजाराच्या उशिराचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. चाचणीची सोय नसणे त्यानंतर येते.

कमरेतल्या इंजेक्शनबद्दलही बोलायला हवे. प्लेटलेट उतरत असताना स्नायूत डायक्लोफेनॅकसारखे वेदनाशामक टोचले की आत रक्त साकळू शकते, शिवाय ते मूत्रपिंडावर ताण आणते. तापाचे निदान झालेले नसताना पॅरासिटामॉलपुढे जाऊ नये.

सहाव्या दिवशी ती प्राथमिक आरोग्य केंद्रात आली. ताप १०३.२ फॅरनहाइट, नाडी ११८, रक्तदाब १००/६४, श्वास मिनिटाला २२, ऑक्सिजन ९६ टक्के. शुद्ध नीट, मान ताठ नाही, लघवी होते आहे. हातांच्या मागच्या बाजूला किंचित सूज, पोटऱ्या दाबल्यावर दुखतात.

तळहात पाहणे

सावळ्या त्वचेवर सुरुवातीचे ठिपके ट्यूबलाइटखाली दिसत नाहीत. रुग्णाला दाराशी, दिवसाच्या उजेडात आणावे. शेतमजुराच्या हातांना घट्टे असतात, सोयाबीनच्या शेंगांची टोके टोचून बारीक जखमा झालेल्या असतात, नवरात्र-दसऱ्याच्या दिवसांत बायकांच्या हातावर मेंदीही असते. म्हणून आधी हात-पाय साबणाने धुवून घ्यावेत आणि मग पाहावे. मेंदी धुऊन जात नाही, तिथे तळपायावर भर द्यावा. टाचेची त्वचा जाड असते, ठिपके तिच्यात दिसत नाहीत. तळपायाच्या मधल्या खोलगट भागात आणि बोटांच्या बेचक्यांत पाहावे.

काचेची स्वच्छ स्लाइड ठिपक्यावर हलकेच दाबावी. दाबल्यावर नाहीसा होणारा ठिपका म्हणजे रक्तवाहिनी फुगली आहे, राहणारा म्हणजे रक्त बाहेर आले आहे. ठिपक्यांच्या तापात सुरुवातीचे ठिपके नाहीसे होतात, पुढचे होत नाहीत. आणि पुरळ कुठून सुरू झाले हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. गोवराचे पुरळ कानामागून-चेहऱ्यावरून खाली उतरते. या आजाराचे पुरळ बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी मनगट आणि घोट्यापाशी सुरू होते, मग धडाकडे सरकते आणि तळहात-तळपायही सोडत नाही.

या रुग्णाच्या दोन्ही तळहातांवर आणि तळपायांच्या खोलगट भागात दोन-तीन मिलिमीटरचे लालसर-तपकिरी ठिपके होते. काही दाबल्यावर जात होते, घोट्याजवळचे बरेच जात नव्हते.

त्यानंतर शोधायची ती काळी खपली: गोचीड किंवा चिगर (माईट या सूक्ष्म किड्याची अळी) चावल्याच्या जागी पडलेला, न दुखणारा, काळ्या पापुद्र्याचा आणि भोवती लाल कडा असलेला डाग. परकराची नाडी बसते ती कंबर, काख, जांघ, स्तनाखालची घडी, बेंबी, कानामागची जागा आणि केसांच्या मुळाशी टाळू. महिला रुग्णाची ही तपासणी आरोग्य सेविकेने पडद्याआड करावी, नाहीतर ती अर्धवटच होते. इथे खपली सापडली नाही. चिगरमधून येणाऱ्या स्क्रब टायफसमध्ये खपली हा मोठा आधार असतो. भारतातल्या गोचीड-टायफसमध्ये, म्हणजे याच ठिपक्यांच्या तापात, ती क्वचितच दिसते. त्यामुळे 'खपली नाही, म्हणजे रिकेट्सिया नाही' हा निष्कर्ष चुकीचा ठरतो.

विदर्भात २०१८ च्या पावसाळ्यानंतर नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसची साथ आली, तेव्हापासून डॉक्टरांना ते नाव परिचित आहे. हा मात्र त्याचा भाऊबंद. स्क्रब टायफस ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी या जिवाणूमुळे होतो आणि तो चिगर म्हणजे माईटच्या अळीतून येतो. ठिपक्यांचा ताप आपल्याकडे मुख्यतः रिकेट्सिया कोनोरीमुळे होतो आणि तो गोचिडीतून येतो, विशेषतः कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडीतून. औषध एकच असले तरी चाचण्या आणि घराची तपासणी वेगळी करावी लागते. स्क्रब टायफसच्या झटपट चाचणीचे कार्ड फक्त ओरिएन्शिया पकडते. ते निगेटिव्ह आले म्हणून ठिपक्यांचा ताप बाद होत नाही. केंद्रात दुसरे कार्ड नसल्यामुळे हा घोळ वारंवार होतो.

मुलांच्या बाबतीत अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी २०११ मध्ये मध्य भारतासाठी लक्षणे आणि साध्या तपासण्यांवर आधारित एक गुणपद्धती मांडली, ती ठिपक्यांच्या तापासाठीच. प्रगत प्रयोगशाळेशिवाय लवकर संशय घेता येतो, हे विदर्भातूनच दाखवून दिले गेले आहे.

आत काय चालले आहे

रिकेट्सिया रक्तात मोकळे फिरण्यापेक्षा बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींत शिरून वाढतात. हे एक समजले की बाकीचे आपोआप जुळते. अस्तर गळू लागते, म्हणून ठिपके आणि हातावर सूज. गळती भरून काढताना प्लेटलेट खर्ची पडतात. सोडियम उतरते. या रुग्णाच्या सहाव्या दिवसाच्या रक्तात प्लेटलेट ७२,०००, पांढऱ्या पेशी ६,८००, एएसटी १४२, एएलटी ९६, सोडियम १२९, क्रिएटिनिन १.१ होते. पांढऱ्या पेशी साधारण, प्लेटलेट कमी, यकृताची विकरे माफक वाढलेली आणि सोडियम कमी. ही चौकडी पुरळासोबत दिसली तर संशय पक्का धरावा.

सेफिक्झिम, सेफ्ट्रियाक्सोन, जेंटामायसिन यांचा उपयोग का होत नाही तेही इथेच कळते. जिवाणू पेशीच्या आत आहे आणि ही औषधे तिथे त्याला मारू शकत नाहीत. कोट्रायमॉक्साझोलसारखी सल्फा औषधे तर हा आजार बिघडवू शकतात. आणि 'अशक्तपणा आहे, दोन बाटल्या लावा' हा आग्रह इथे धोक्याचा आहे. गळक्या वाहिन्यांत भराभर सोडलेले सलाईन फुप्फुसात उतरते. रक्तदाब खरोखर पडला असेल तर द्रव द्यावाच, पण ठरावीक मात्रेने, दर वेळी श्वास आणि छातीचा आवाज तपासून.

आधी रक्त, लगेच गोळी

संशय पक्का झाला की डॉक्सिसायक्लिन सुरू करावे, अहवालाची वाट पाहू नये. उशीर झाला तर बोटे, कानाच्या पाळ्या काळ्या पडतात, मेंदू-फुप्फुसे-मूत्रपिंडे आजाराच्या तडाख्यात सापडतात. पण पहिली कॅप्सूल पोटात जाण्याआधीची पाच मिनिटे रक्त काढण्यासाठी राखावीत.

प्रौढाला (४५ किलोहून जास्त वजन) १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ७ दिवस. ताप गेल्यावर किमान तीन दिवस तरी औषध चालू राहिले पाहिजे. कॅप्सूल जेवणानंतर, पेलाभर पाण्यासोबत, बसून घ्यायची आणि पुढचा अर्धा तास आडवे व्हायचे नाही. नाहीतर ती अन्ननलिकेत चिकटून व्रण करते. रात्रीची मात्रा झोपताना दिली जाते आणि तिथेच हे घडते. लोहाच्या, कॅल्शियमच्या आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांत दोन तासांचे अंतर हवे. आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घरात असतातच, त्यामुळे हे मुद्दाम विचारावे. उन्हात त्वचा भाजते, म्हणून तेवढे दिवस वावरात जाऊ नये असे सांगावे. त्या दिवसांत मजुरी बुडते. ते लक्षात घेऊन निदान भर दुपारचे काम टाळायला, पूर्ण बाह्या घालायला आणि डोक्यावर पदर घ्यायला सांगावे.

पाळीची तारीख विचारल्याशिवाय गोळी देऊ नये. गरोदर महिलेला ॲझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम रोज एकदा, ५ दिवस.

तापासोबत न जाणारे ठिपके आणि मान ताठ असेल तर मेनिंगोकॉकस हा मेंदूज्वराचा जिवाणू नाकारता येत नाही. तिथे डॉक्सिसायक्लिनच्या जोडीला सेफ्ट्रियाक्सोनही द्यावे आणि रुग्ण वरच्या रुग्णालयात पाठवावा. बाकी कधी पाठवायचे: वरचा रक्तदाब ९० च्या खाली, ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली, गुंगी किंवा झटके, लघवी कमी, कावीळ, रक्तस्राव, बोटे किंवा कान काळे पडणे. पाठवतानाही पहिली मात्रा देऊनच पाठवावे. रुग्ण गिळू शकत नसेल तर वरच्या रुग्णालयात शिरेतून डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, १०० मिलिलिटर सलाईनमध्ये, अर्ध्या तासात, दिवसातून दोनदा. गडचिरोलीतल्या एटापल्ली, भामरागडसारख्या भागातून जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचायला जो वेळ लागतो, त्यात विनाऔषध प्रवास परवडणारा नाही.

या रुग्णाला वर न पाठवता केंद्रातच निरीक्षणाखाली ठेवले. ४४ तासांनी ताप उतरला आणि परत चढला नाही. औषधाला मिळालेला हा प्रतिसाद निदानाला बळ देतो, पण तो निदानाचा पुरावा नाही. ४८ ते ७२ तासांत ताप उतरला नसता तर निदानाचा नव्याने विचार करावा लागला असता. आणि उतरला तरी लेप्टोस्पायरोसिस शिल्लक राहतोच, कारण डॉक्सिसायक्लिन त्यालाही लागू पडते. भंडारा-गोंदियाच्या धानाच्या पट्ट्यात हे विशेष लक्षात ठेवावे.

नमुना : किती, कशात, कुठे

एकूण ५ मिलिलिटर रक्त. ३ मिलिलिटर लाल टोपणाच्या साध्या नळीत, २ मिलिलिटर जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत. साधी नळी अर्धा तास उभी ठेवून रक्त गोठू द्यावे, मग मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर १० मिनिटे फिरवून सीरम वेगळे करावे आणि दोन छोट्या नळ्यांत भरावे. एक नळी आजच्या चाचणीला, दुसरी जपून ठेवायला. नेमकी ही दुसरी नळी सगळीकडे गाळली जाते आणि तिच्याविना तीन आठवड्यांनंतर काहीच सिद्ध करता येत नाही.

नळीवर नाव, वय, नमुना घेतल्याची तारीख आणि ताप सुरू झाल्याची तारीख. चौथी नोंद नसेल तर प्रयोगशाळेला अहवालाचा अर्थच लावता येत नाही.

नमुना केंद्रातल्या लसीच्या आयएलआरमध्ये (लसींच्या खास फ्रिजमध्ये) ठेवायचा नाही, एका रात्रीपुरताही नाही. तो फक्त लसींसाठी असतो. त्याच दिवशी गाडी नसेल तर २ ते ८ अंशांवर चालणाऱ्या प्रयोगशाळेच्या साध्या फ्रिजमध्ये सीरम काही दिवस टिकते. त्यापुढे उणे २० अंश हवेत, आणि एकदा गोठवलेले सीरम पुन्हापुन्हा वितळवायचे नाही. वाहतुकीला वेगळी खूण केलेला व्हॅक्सिन कॅरियर वापरावा, जो परत लसीला वापरला जाणार नाही. नळी कापसात गुंडाळून झिपच्या पिशवीत, मग डब्यात, मग आईसपॅकच्या मध्ये. न फिरवलेले रक्त थेट बर्फाला टेकले की लाल पेशी फुटतात आणि नमुना वाया जातो.

पीसीआरसाठी (जिवाणूचे डीएनए शोधणाऱ्या चाचणीसाठी) पाठवलेले रक्त या आजारात बऱ्याचदा निराश करते. कारण वर आलेच आहे. जिवाणू वाहिन्यांच्या अस्तरात आहे, फिरत्या रक्तात थोडाच. खपली असेल तर तिचा पापुद्रा किंवा खालचा स्वॅब, नसेल तर ताज्या ठिपक्यातून ३ मिलिमीटरची पंच बायोप्सी, याच्यातून शक्यता वाढते. ही बायोप्सी जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात, प्लेटलेट पाहून, औषध सुरू होऊन फार तर एक-दोन दिवस झालेले असताना करावी. तुकडा सलाईनने ओलसर केलेल्या गॉझमध्ये पाठवावा. सवयीने फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर डीएनए खराब होते. या प्रकरणात बायोप्सी झाली नाही.

पहिला अहवाल

नमुना घेतल्यापासून पाचव्या दिवशी कागद आला. स्क्रब टायफस आयजीएम निगेटिव्ह. वेइल-फेलिक्स : ओएक्स-२ १:८०, ओएक्स-१९ १:४०, ओएक्स-के १:२० पेक्षा कमी. ठिपक्यांच्या तापाची आयजीएम एलायझा सीमारेषेवर. शेऱ्यात 'नक्की सांगता येत नाही'.

असा अहवाल पाहून बरेच जण फाइल बंद करतात. वास्तविक सहाव्या दिवशी हेच अपेक्षित असते. आयजीएम ही संसर्गानंतर आधी तयार होणारी प्रतिद्रव्ये पहिल्या आठवड्याच्या शेवटी वर येऊ लागतात, त्यामुळे त्याआधीच्या निगेटिव्हला फारसा अर्थ नाही. वेइल-फेलिक्स १९१६ पासूनची जुनी चाचणी आहे. प्रोटियस जिवाणूच्या काही जातींशी प्रतिद्रव्ये चिकटतात का, एवढेच ती पाहते. ठिपक्यांच्या तापात ओएक्स-२ आणि ओएक्स-१९, स्क्रबमध्ये ओएक्स-के वर येते. संवेदनशीलता कमी आहे, आणि लघवीत प्रोटियसचा संसर्ग असला तरी ती खोटी वाढते. पण जिथे दुसरे काही नाही तिथे नळीतली वेइल-फेलिक्स (स्लाइडवरची नव्हे, तिने नेमका टायटर, म्हणजे रक्त किती पातळ करूनही प्रतिद्रव्ये सापडतात तो आकडा, मिळत नाही) काही ना काही दिशा देते. तिला मोडीत काढणे आम्हाला मान्य नाही, फक्त तिच्या एका आकड्यावर निदान टांगू नये.

गोचीड चावल्याचे कळल्यावर इंटरनेट पाहून लाइम आजाराची चाचणी करून घेणारेही भेटतात. विदर्भात अशा तापाला ती पहिली चाचणी नव्हे. तो पैसा दुसऱ्या नमुन्याच्या फेरीला लावावा.

घर, गोठा आणि भाचा

अहवालाची वाट न पाहता आरोग्य सेवक आणि आशाताई सातव्या दिवशी घरी गेले. पहिला प्रश्न गोचिडींचा नव्हता, तापाचा होता. "काकू, घरात आणखी कोणाला ताप आला का, महिनाभरात?" नऊ वर्षांचा भाचा, २२ किलो, आदल्या दिवसापासून तापला होता. पुरळ नाही. केसांत कानामागे एक गोचीड अजून चिकटलेली होती.

ती काढण्यासाठी बारीक टोकाचा चिमटा त्वचेला अगदी लागून धरायचा आणि सरळ वर, एकसारख्या जोराने ओढायचे. पिळायचे नाही, झटका द्यायचा नाही. रॉकेल, तेल, उदबत्तीचा चटका यांपैकी काहीही लावायचे नाही. त्याने गोचीड जास्त स्राव सोडू शकते. बोटांत चिरडायचीही नाही. जनावरांवरच्या गोचिडी हाताळताना हातमोजे हवेतच. काढलेली गोचीड ७० टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत, आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी (शाई अल्कोहोलमध्ये उतरते): कुणाच्या अंगावरून, तारीख, गाव.

मुलाला काय द्यायचे, यावर केंद्रात चर्चा झाली. पुरळ यायची वाट पाहावी असे एक मत होते. आमच्या मते ती चूक ठरली असती. ताप आहे, चिकटलेली गोचीड आहे, घरात संशयित रुग्ण आहे. एवढे पुरे. रक्त घेऊन डॉक्सिसायक्लिन किलोला २.२ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, म्हणजे २२ किलोला साधारण ५० मिलिग्रॅम. पाण्यात विरघळणारी १०० ची गोळी अर्धी करून देता येते. आठ वर्षांखालील मुलांच्या दातांवर डाग पडतील ही भीती दीर्घ वापरातून आली आहे. इतक्या छोट्या कोर्सने तसे होत नाही, आणि या आजारात औषध थांबवण्यासाठी ते कारण पुरेसे नाही. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पुरळ आलेच नाही.

गोठ्यात बैलांच्या गळ्याखालच्या पोळीवर आणि जांघेत गोचिडी होत्या. पण कुत्र्याकडे पाहणे जास्त गरजेचे होते. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि मानेवर तपकिरी गोचिडी होत्या. ही जात अळी, अर्भकावस्था आणि प्रौढ अशा तिन्ही टप्प्यांत वेगवेगळ्या वेळी जनावरावर चढते, रक्त पिते आणि खाली पडते. पडल्यावर गवतात जात नाही. भिंतीच्या फटींत, खाटेच्या सांध्यांत, दाराच्या चौकटीत वर चढून बसते, तिथेच अंडी घालते. त्यामुळे पांढरे फ्लॅनेलचे कापड गवतावरून ओढण्याची नेहमीची पद्धत इथे फसते. गवतात दोन-चार गोचिडी मिळतात आणि अहवालात 'प्रमाण कमी' असे लिहिले जाते. तपासणी बॅटरी घेऊन ओसरीच्या भिंतीवर, जमिनीपासून डोक्याच्या उंचीपर्यंत करायला हवी. रिकेट्सिया गोचिडीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो, म्हणून आजारी जनावर नसतानाही घर धोक्याचे राहू शकते. उन्हाळ्यातही सावध राहावे. कडक उष्म्यात ही गोचीड कुत्र्याऐवजी माणसाकडे जास्त वळते.

घरच्यांनी सांगितले की बैलालाही मागच्या महिन्यात 'गोचीड ताप' झाला होता. जनावरांच्या डॉक्टरांच्या भाषेत तो बबेसिया, थायलेरिया किंवा ॲनाप्लाझ्मा असतो. बैलाचा आजार घरातल्या बाईला झाला असा त्याचा अर्थ नाही, आणि बैलाच्या रक्ताचा अहवाल माणसाच्या निदानाला लागू होत नाही. त्यातून एवढेच कळते की गोठ्यात गोचिडी भरपूर आहेत.

पशुधन विकास अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवावे. कुत्रा, बैल, शेळ्या यांच्यावर एकाच वेळी औषध, आणि अंडी फुटून नवी पिढी येते म्हणून दोन-तीन आठवड्यांनी परत. किती मात्रा, कोणत्या जनावराला, हे त्यांनीच ठरवायचे. कपाशीवर फवारायचे कीटकनाशक उरलेले आहे म्हणून जनावराला किंवा खाटेला लावू देऊ नये. २०१७ च्या फवारणी विषबाधेनंतर यवतमाळच्या बाजूला हे समजावणे सोपे जाते, इतरत्र आवर्जून सांगावे लागते. भिंतीच्या फटी माती-चुन्याने लिंपणे आणि कुत्र्याची झोपायची जागा माणसांपासून दूर नेणे, हे स्वस्तातले उपाय सर्वांत जास्त टिकतात.

दुसरा नमुना

ताप गेलेला माणूस परत येत नाही. सोंगणी संपून कापूस वेचणी सुरू झालेली असते, एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी. म्हणून दुसऱ्या नमुन्याची तारीख पहिल्या दिवशीच ठरवून रुग्णाच्या कार्डावर आणि आशाताईंच्या वहीत लिहावी आणि रक्त घरी जाऊन, सकाळी कामाला निघायच्या आधी घ्यावे. पहिल्या नमुन्यापासून दोन ते चार आठवड्यांच्या आत.

इथे तो आजाराच्या २२व्या दिवशी घेतला. जपून ठेवलेली पहिली नळी आणि ही नवी नळी संदर्भ प्रयोगशाळेत एकाच दिवशी, एकाच संचात लावली गेली. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या किटवर लावलेल्या दोन नमुन्यांची तुलना करता येत नाही, कारण किटचाच फरक दुप्पट दिसू शकतो. आयएफए या चाचणीने मोजलेली आयजीजी (नंतर वर येणारी प्रतिद्रव्ये) पहिल्या नमुन्यात १:६४ पेक्षा कमी, दुसऱ्यात १:५१२. चौपट वाढ हा निकष, इथे ती त्याहून जास्त. वेइल-फेलिक्सचे ओएक्स-२ १:३२० वर गेले.

भाच्याचा दुसरा नमुना मात्र निगेटिव्ह आला. दुसऱ्याच दिवशी औषध मिळाल्याने प्रतिद्रव्ये दबली किंवा उशिरा वर येणार असतील, किंवा त्याचा ताप वेगळाच असेल. या नमुन्यावरून ते ठरत नाही. त्याची नोंद 'संशयित, पुष्ट रुग्णाशी घरगुती संबंध' अशीच राहिली. त्याला ओढूनताणून पुष्ट रुग्णांत घालू नये, आणि यादीतून वगळूही नये.

नोंदीची व्याख्या सोपी ठेवावी. पाच दिवस किंवा जास्त ताप, उघड कारण नाही, सोबत पुरळ, खपली, गोचिडीचा संपर्क यांपैकी काही : संशयित (खपली असेल तर पाच दिवसांची अट नाही, आणि भाच्यासारख्या घरगुती संपर्कालाही ती लावू नये). त्यात वेइल-फेलिक्स १:८० किंवा जास्त, किंवा आयजीएम एलायझा पॉझिटिव्ह : संभाव्य. पीसीआर, किंवा जोडनमुन्यांत चौपट वाढ : पुष्ट. आयजीएम काही महिने रक्तात टिकू शकते, म्हणून ती एकटी पॉझिटिव्ह आली तरी रुग्ण 'संभाव्य'च राहतो.

२०२१ पासून आयएचआयपी या आजारांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर उपकेंद्राची लक्षणांवरची, डॉक्टरांची संशयिताची आणि प्रयोगशाळेची अशी तीन पातळ्यांवरची माहिती एकत्र येते. आलेख काढताना आजार सुरू झाल्याची तारीख घ्यावी. कळवल्याची तारीख घेतली तर जोडनमुन्यांमुळे साथ तीन आठवडे उशिरा दिसते आणि तोवर सोंगणी उरकलेली असते. शेऱ्याच्या रकान्यात 'ठिपक्यांचा ताप, रिकेट्सिया' असे स्पष्ट लिहावे, नाहीतर रुग्ण इतर तापांत मिसळून जातो. या महिलेची ओळ ऑक्टोबरात 'संशयित' म्हणून उघडली, पहिल्या अहवालानंतर 'संभाव्य' झाली आणि नोव्हेंबरात 'पुष्ट' म्हणून बंद झाली. आजाराची तारीख तीच, ऑक्टोबरचा पहिला आठवडा. त्याच गावच्या ताप नोंदवहीत मागच्या चार आठवड्यांत 'टायफॉइड, विडाल १:८०' असे लिहिलेले आणखी तिघे सापडले. त्यांचे एकेक नमुने घेण्याचे काम आरोग्य सेवकाकडे देण्यात आले.